धुऱ्यावरचा शिलालेख

आधी चहा घ्या, निवतोय. मघाशी आत आल्या आल्या त्या कोपऱ्यातल्या चौथऱ्याकडे बघून तुम्ही एकमेकांना कोपर मारलं, ते मी बघितलं. मारा. काळा ग्रॅनाइट, वर खास त्याच्यासाठी लावलेला पिवळा दिवा आणि त्या उजेडात ती वस्तू. हसण्यासारखंच आहे. पण आज त्याच्यावर जे आहे ते का आहे, हे कळायचं तर आधी त्याच्यावर काय होतं ते ऐकावं लागेल. स्वतःच्या तोंडानं स्वतःची फजिती सांगायला बसलोय, तेव्हा मध्ये टोकू नका. आणि मागच्या पडवीतून वॉशिंग मशीनचा आवाज आला, तर मी उठून जाईन. राग मानू नका, त्याचंही कारण आहे.

तर, मी या नांदुऱ्यात तीस वर्षं इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ नसल्या की पोरांना बाकावर उभं करायचो. अशा माणसासमोर एखादी जुनी वस्तू आली आणि त्याला ती ओळखता आली नाही, असं होईल का? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला होता आणि 'शक्यच नाही' असं उत्तरही देऊन टाकलं होतं. सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

निवृत्त झाल्यावर हे घर बांधायला काढलं. बांधताना माझा एकच हट्ट, नव्या घरात जुनाट काही नको. आईच्या वेळचं सगळं सामान परसात एका ढिगात रचलं आणि भंगारवाल्याला बोलावलं. सुमन, म्हणजे आमची मंडळी, ढिगाकडे हात करून मध्येमध्ये काहीतरी सांगत होती. मी ऐकलं नाही. मागच्या पडवीत वॉशिंग मशीन ठेवलं, तर फरशीला उतार. कपडे पिळायला लागलं की मशीन चालत सुटायचं. मिस्त्री म्हणाला, सर, एका बाजूनं खाली सपाट दगड घालू. मी म्हटलं, घे त्या ढिगातला एखादा. त्यानं घातला, मशीन गप्प उभं राहिलं. सुमन तेव्हाही काहीतरी म्हणाली होती, पण मी फोनवर टाइल्सवाल्याशी बोलत होतो.

मग दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो, अविनाशरावांकडे. अविनाशराव माझे साडू, सुमनच्या धाकट्या बहिणीचे, मंगलचे यजमान. माणूस सज्जन, पण त्यांच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवला आणि मी दारातच थांबलो. दाराशी तांब्याचं घंगाळ, त्यात मनीप्लँट. भिंतीवर बैलांचं जू, त्याला लोंबणारे दिवे. बैलगाडीच्या चाकावर काच टाकून केलेलं टेबल. आणि छताला उलटं टांगलेलं चाडं! तिफणीवर बसवून ज्यातून आपण बी सोडतो, ते चाडं. त्याच्यात बल्ब.

अविनाशरावांनी मला चाडं म्हणजे काय, ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. मला! ज्याच्या बापाची उभी हयात तिफणीमागे गेली, त्याला. आणि वर म्हणाले, "सर, वाईट मानू नका, पण तुमच्याकडच्या लोकांना जुनं जपायची दृष्टीच नाही हो."

ते 'हो' मला फार लागलं. परतीच्या गाडीत मी सुमनला सांगून टाकलं की पुढच्या उन्हाळ्यात आपली वास्तू, म्हणजे वास्तुशांत आहे, अविनाशराव येणार आहेत, तोपर्यंत मी घरात अशी एक जुनी वस्तू आणून ठेवतो की हा माणूस उभ्याचा उभा राहिला पाहिजे. एकच वस्तू, पण त्यांच्या सगळ्या घरापेक्षा जुनी. सुमन म्हणाली, "आपल्या घरचं जुनं तं तुमीच काढून टाकलं ना." मी म्हटलं, ते जुनाट, हे प्राचीन. फरक असतो.

आणि लागलो मागे. खामगावची भंगाराची दुकानं पालथी घातली. एकानं मला इंग्रजांच्या काळातला म्हणून कंदील दिला. घरी आणून पुसला, तर बुडाला बारकोडचा स्टिकर. चिखलीकडं एका म्हातारीच्या दारात सुरेख रांजण दिसला. तिला म्हटलं, आजी, हा मला द्या, मी हॉलमध्ये ठेवतो. ती म्हणाली, "मंग म्या पाणी तुह्या हॉलात येऊन पिऊ काय?" तिथून निघालो. पण हरलो नाही. मिस्त्रीकडून आधी चौथरा बांधून घेतला, ग्रॅनाइट बसवलं, वायरमनकडून वर दिवा लावून घेतला. वस्तूचा पत्ता नाही, पण तिच्यावर पडायचा उजेड तयार. याला म्हणतात जिद्द.

वास्तूला तीन आठवडे उरले होते. सुमनच्या माहेरी, पिंपळगाव राजाला, आमंत्रण देऊन मी परत येत होतो. सलीमची जीप केली होती. ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. गाव मागे पडलं आणि एका पुलावर जीपनं वाफ सोडली. सलीम पाणी शोधायला उतरला, मी सावली शोधायला. आणि समोर, दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर, बांधाच्या मातीत, तो उभा होता.

काळा दगड. कंबरेच्या खाली येईल एवढा, वरून टोकदार, घराच्या आढ्यासारखा. अंगावर शेंदूर. जवळ गेलो. अहो, मी वर्गात तीस वर्षं फळ्यावर वीरगळ काढलेला माणूस! तोच आकार. मधला भाग झिजून गुळगुळीत झालेला, म्हणजे शेकडो वर्षं भाविकांचे हात फिरलेले. आणि कडेकडेनं ओळीत बारीक बारीक टोचे. अक्षरं! झिजलेली, पण अक्षरंच. मी बोटानं ओळी मोजल्या, अकरा भरल्या.

धुऱ्यापलीकडं कडुलिंबाखाली बाजेवर साठीचा एक माणूस पडला होता. सुपडाजी त्याचं नाव. मी विचारलं, हा दगड कोणाचा?

तो उठून बसला. दगडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत दगडाकडे. "काऊन?"

"मला पाहिजे. घरी न्यायचाय."

"घरी? म्हणजे इथून उपटून?"

"हो."

सुपडाजीनं पलीकडच्या वावराकडे नजर टाकली. तिथं कोणी नव्हतं. मग इतक्या मऊ आवाजात बोलला, की मला वाटलं माझ्या व्यक्तिमत्त्वाचाच हा परिणाम. "घेऊन जा, सर."

वारसा, जतन, पुढची पिढी, असं माझं भाषण तयार होतं, ते तसंच राहिलं. त्यानं काहीच मागितलं नाही. उलट घरून चहा मागवला. उकरायला लोखंडी सब्बल आणून दिली, दोर दिला, गुंडाळायला पोतं दिलं. पण उचलायची वेळ आली तेव्हा दहा पावलं मागे सरून, हात पाठीशी बांधून उभा राहिला. म्हणाला, "मी हात नाही लावत. तुमीच उपटा."

आता सांगा, माझ्यासारख्या माणसानं यातून काय समजावं? मी समजलो की बघा, शेतकरी माणूस, शाळेचं तोंड बघितलं असेल-नसेल, पण पुरातन गोष्टीबद्दल केवढा आदर! माझे डोळे ओले झाले. पुढे ही गोष्ट मी चार ठिकाणी भाषणात सांगितली.

उपटायच्या आधी सलीमला पुलावर उभं करून एक फोटो काढून घेतला. मी छाती पुढे काढून, एक हात दगडावर. मग मी आणि सलीमनं मिळून तो काढला. माझ्या कमरेत कट्कन आवाज झाला, तो अजून थंडीत ऐकू येतो. सुपडाजी लांबूनच सूचना करत होता. गड्डा बुजवायला गेलो, तर म्हणाला राहू द्या, मी बुजवतो. आणि जीप सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाला, "सर, कोणी विचारलं तं सांगजा, तुमीच उपटला म्हणून."

मी म्हटलं, "म्हणजे काय, सांगणारच. शोध माझा आहे."

"हाव," तो म्हणाला, "तुमचाच हाय." आणि पहिल्यांदा हसला.

घरी आणला, शेंदूर पुसला, घासून धुतला, चौथऱ्यावर उभा केला आणि दिवा लावला. सुमनला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. जवळ गेली, झिजलेल्या भागावरून तळहात फिरवला, मग त्या टोच्यांवरून बोटं फिरवली आणि माझ्याकडे वळली. "अवो, हा तं..."

"थांब," मी म्हटलं. "इतिहासातलं तुला काय कळतं? आधी माझं ऐक."

तिनं माझं ऐकलं. यादवकाळ, गावाचं रक्षण करताना पडलेला वीर, अकरा ओळींचा लेख, सगळं. पूर्ण ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली. मला वाटलं, भारावली.

मग मी निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. एकानं लिहिलं राष्ट्रकूट. दुसऱ्यानं लिहिलं राष्ट्रकूट नाही, त्याच्याही आधीचा. तिसरा मराठीचा, त्यानं लिपी ओळखली, फक्त वाचता येत नाही म्हणाला. संध्याकाळपर्यंत आमच्यात दोन गट पडले आणि एक जण ग्रुप सोडून गेला. माझा एक जुना विद्यार्थी पेपरला बातम्या देतो, तो घरी आला. चौथ्या दिवशी बातमी: 'निवृत्त शिक्षकाच्या जिद्दीने उजेडात आला प्राचीन शिलालेख'. सोबत तो पुलावरून काढलेला माझा फोटो. मी त्या अंकाच्या वीस प्रती घेतल्या.

आजूबाजूच्या बायका दगड बघायला यायच्या. बघायच्या, सुमनकडे बघायच्या आणि सगळ्या मिळून स्वयंपाकघरात जायच्या. आतून फार हसण्याचा आवाज यायचा. मी म्हटलं, हसू देत, बायकांचं आपलं काहीतरी असतं.

वास्तूचा दिवस आला. मांडव भरला. रोडगे, वांग्याची भाजी, बुंदी. अविनाशराव आदल्या दिवशीच गाडीनं आले होते, पण मी हॉलला कुलूप लावून ठेवलं होतं. पूजा झाल्यावर सगळ्यांसमोर उघडलं. दिवा आधीच लावलेला. दगडाला झेंडूची माळ.

अविनाशराव खरंच उभ्याचे उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. गुडघ्यावर बसून त्या ओळींवरून बोट फिरवलं. म्हणाले, "सर, माझ्या घरातलं सगळं एका पारड्यात आणि हे एका पारड्यात. मी हरलो." खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मेलो असतो तरी मला चाललं असतं. सुमन आणि मंगल दाराशी उभ्या होत्या, दोघींचे पदर तोंडाला. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, की मित्रहो, एक साधा शेतकरी, पण त्या दगडाला हात लावायचीसुद्धा त्याची हिंमत होईना...

तेवढ्यात मांडवातून एक माणूस आत आला. चाळिशीचा, धुतलेला पांढरा सदरा, हातात घडी घातलेला पेपर. सरळ माझ्याकडे आला आणि वाकून पाया पडला. "सर, ओळखलं काय? गजानन. नववी ब. तुमी मले बाकावर उभं करत होते."

मी म्हटलं, अरे वा, जेवून जा.

"जेवतो. पहिले मले माह्या मायचा पाटा द्या."

"कसला पाटा?"

त्यानं चौथऱ्याकडे बोट केलं.

मी हसलो. म्हटलं, गजानन, बेटा, हा शिलालेख आहे. या ओळी बघ.

"टाकी लावलेली हाय ते, सर," तो म्हणाला. "पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाली येते आणि टोचे पाडून देते. नाही तं मिरची वाटल्या जात नाही. हे मधात झिजलं, ते वाटून वाटून. माह्या मायनं तीस-पस्तीस वर्षं चटणी वाटली याच्यावर."

अविनाशरावांनी दगडावरचं बोट हळूच काढून घेतलं. मागून मंगलचा आवाज आला, "मी तं कालच खिडकीतून पाहून ताईले म्हटलं, पाटा हाय. ताई म्हणे, बोलू नको." आणि सगळा मांडव हसायला लागला. मीही हसलो असतो, पण गजानन हसत नव्हता. त्याला खाली बसवलं, पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं ते असं.

सुपडाजी त्याचा थोरला भाऊ. आई गेली आणि त्याच वर्षी तिच्या पाट्याला तडा गेला. फुटका पाटा घरात ठेवत नाहीत. पुढं वाटणी झाली, तेव्हा बापानं तो पाटा नेला आणि दोघांच्या वावराच्या मध्ये धुऱ्यावर उभा गाडला. दोन्ही लेकांना त्याच्यावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं की हा दगड मी हलवणार नाही. बाप म्हणाला, दुसरा दगड तुम्ही सरकवाल, मायचा पाटा नाही सरकवणार. बाप गेला, तरी दरसाल पेरणीच्या वेळी दोघं भाऊ त्याला शेंदूर लावायचे.

"मी पोरीच्या सासरी गेलतो आठ दिवस," गजानन म्हणाला. "येऊन पाहतो तं पाटा नाही. धुरा नांगरलेला. दादा नांगराच्या दोन तासांएवढा माह्या वावरात आला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी म्हटलं, पाटा हलवला काऊन? तं म्हणे, मायची आण, मी हात लावला नाही."

मी खाली बसलो. मी हात नाही लावत, तुमीच उपटा. दहा पावलं मागं. हात पाठीशी. कोणी विचारलं तर सांगजा. अरे देवा! त्या माणसानं शपथ मोडली नव्हती. तेवढ्यासाठीच त्याला एक बिनकामाचा शहाणा माणूस पाहिजे होता आणि तो जीप करून त्याच्या दारात गेला होता.

"गावात म्हणे, चोर घेऊन गेले असतीन," गजानन सांगत होता. "मंग केस कापाले सलूनात बसलो, तं पेपरात तुमी." त्यानं घडी उघडली. मी, छाती पुढे, हात दगडावर. "सर, तुमी शिकवत होते, पुराव्याशिवाय इतिहास नसते. मोजणी आणली तं भाऊ भावाले कोर्टात ओढल्यासारखं होते. मले मोजणी नको. माह्या मायचा पाटा होता तठी ठेवून द्या."

मी उठलो. कमरेनं नको म्हटलं, तरी उठलो. म्हटलं, मीच काढला, मीच बसवणार. जिथून काढला त्याच जागी, बोटभरसुद्धा इकडंतिकडं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमची तीच जीप. मी, गजानन, सुमन आणि अविनाशराव. मी नको म्हणत होतो, पण अविनाशराव म्हणाले की असं पुण्याच्या म्युझियममध्ये बघायला मिळत नाही. पाटा पोत्यात, सुमनच्या पायाशी. वावरात पोचलो तर बातमी आमच्याआधी पोचलेली. अर्धं गाव धुऱ्यावर. म्हणजे धुरा होता तिथं, कारण आता सगळं सपाट नांगरलेलं. सुपडाजी लिंबाखाली बाजेवर.

तो तिथूनच बोलला. "मी नाही हलवला. सरनं हलवला. विचारा त्याइले. मी शपथ मोडली काय?"

सगळ्या गावानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून म्हटलं, हो, मीच हलवला.

"नाही मोडली, दादा," गजानन म्हणाला. "पण मायले काय सांगशील?"

आता प्रश्न एवढाच होता, की जागा नेमकी कोणती? गड्डा त्यानं बुजवला होता, वरून नांगर फिरला होता. पुरावा एकच, पेपरातला फोटो. फोटोत माझ्या उजव्या खांद्यामागे मोटारपंपाच्या खोलीचा कोपरा, डाव्या कानाला लागून लिंबाचं खोड. मग ठरलं, की सलीमनं परत पुलावर त्याच जागी उभं राहायचं, हातात पेपर धरायचा आणि मी फोटोतल्यासारखं उभं राहायचं. जिथं माझा हात येईल, तिथं खणायचं.

पाऊण तास! मे महिन्याच्या उन्हात, नांगरलेल्या ढेकळात, मी छाती काढून आणि हात हवेत धरून उभा. सलीम पुलावरून ओरडत होता, सर, डावीकडं. सर, एक पाऊल मागं. गाव बसून बघत होतं. एक म्हातारी म्हणाली, मास्तराले देव आला काय? शेवटी सलीम म्हणाला, "सर, सब बरोबर हाय, पण पोट आत घ्या. फोटोत इतकं नाही, खोली दिसून नाही राह्यली." मी पोट आत ओढलं. सलीमनं हात वर केला. गजानननं माझ्या हाताखाली सब्बल मारली आणि दुसऱ्याच घावाला भुसभुशीत माती लागली. बुजवलेला गड्डा सापडला. मी श्वास सोडला.

पाटा मी आणि गजानननं मिळून उतरवला, गड्ड्यात उभा केला, माती दाबली. सुमननं हळदकुंकू वाहिलं. मी धुऊन चकचकीत केलेल्या पाट्याला पुन्हा माती लागली होती. मग बाजेवरून सुपडाजी उठला. वहाणा लिंबाखालीच काढल्या, ढेकळं तुडवत आला आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पाट्यावरची माती पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "गजू, उद्या धुरा बांधून घेऊ." एवढंच. गजानन रडायला लागला. मीही रडलो, लाज कसली?

जाताना गजानननं मला थांबवलं. "सर, आता तुमीबी हात ठेवा." ठेवला. सगळ्या गावासमोर शपथ घेतली की हा दगड मी हलवणार नाही.

घरी आलो. अविनाशराव शहाणे, वाटेत दगडाचा विषयसुद्धा काढला नाही. मी रिकाम्या चौथऱ्यासमोर बसलो. दिवा तसाच चालू. सुमननं पाणी आणून दिलं आणि समोर उभी राहिली.

मी म्हटलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगितलं का नाही?"

"तुमी म्हणले ना, इतिहासातलं तुले काय कळते. मले चटणीतलं कळते." मग म्हणाली, "गजाननच्या मायचा पाटा गेला जाग्यावर. तुमच्या मायचा कुठी हाय?"

मी विचार केला. म्हटलं, भंगारात गेला असेल.

ती मागच्या पडवीत गेली. मी मागोमाग. तिनं वॉशिंग मशीनकडे बोट केलं. मी कंबर धरून खाली वाकलो. मशीनच्या एका बाजूखाली, साबणाच्या पाण्यात, वरून टोकदार, मधून झिजलेला काळा दगड. त्याच्यावर आई ठेचा वाटायची आणि वाटून झालं की वरवंटा दोनदा आपटायची. तो आवाज ऐकला की आम्ही भाऊ भाकरीचा तुकडा हातात घेऊन पळत यायचो. जिल्हाभर जुनी वस्तू शोधत फिरलो मी, आणि रोज माझ्या बनियनचं पाणी याच्यावर गळत होतं. मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो. सुमन म्हणाली की ढीग रचला तेव्हाही सांगत होती आणि मिस्त्रीनं घातला तेव्हाही सांगत होती. खरंच होतं ते.

तर आता त्या चौथऱ्यावर दिव्याखाली जे आहे, ते माझ्या आईचा पाटा आहे. हसायचं तर हसा. अविनाशरावांनी जाताना त्याला हात जोडले, चेष्टेनं नाही.

फक्त मशीनचं तेवढं राहिलं. मी म्हटलं, दुसरा एखादा दगड आणून घालतो. सुमन म्हणाली, तुमी कुठलाच दगड आणायचा नाही, कोणाच्या मायचा निघन सांगता येत नाही. मिस्त्रीला परत बोलावलं. तो म्हणाला, खाली दगड नसंन तं कपडे पिळताना वर काहीतरी वजन ठेवा. चांगलं जड पाह्यजे, आणि एकदा बसलं की कोणी कितीबी सांगितलं तरी जागचं हलू नये, असं. सुमननं विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही, सरळ माझ्याकडे बोट केलं.

ऐकलंत? लागलं पिळायला. बिस्किटं घ्या तोवर, मी दहा मिनिटं त्याच्यावर बसून येतो.